व्हायवातली क्लार्क कोण होती?

इलेक्ट्रिकलला असाल तर ‘क्लार्क ट्रान्सफॉर्म’ तुम्ही व्हायवाच्या आदल्या रात्री नक्की घोकला असेल. अल्फा, बीटा, झीरो वगैरे. पण हा क्लार्क कोण, असं एक्स्टर्नलने विचारलं असतं तर? बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कुणी मिशीवाले प्रोफेसर आले असते. तर मंडळी, हा ‘तो’ नव्हे, ‘ती’.

एडिथ क्लार्क १८८३ मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये जन्मली. घरात नऊ भावंडं. बाराव्या वर्षी ती पोरकी झाली. वारशाचे पैसे तिने शिक्षणात घातले आणि १९०८ मध्ये व्हॅसर कॉलेजातून गणित आणि खगोलशास्त्र शिकून बाहेर पडली. मग काही वर्षं शिकवलं. सिव्हिल इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला आणि सोडलाही. (ब्रांच बदलावीशी वाटणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) पुढे एटी अँड टी कंपनीत ती ‘कॉम्प्युटर’ झाली. तेव्हा कॉम्प्युटर हे मशीन नव्हतं, दिवसभर हाताने आकडेमोड करणाऱ्या माणसांना तसं म्हणायचे.

१९१९ मध्ये तिने एमआयटीतून इलेक्ट्रिकलची मास्टर्स डिग्री मिळवली. तिथे ती मिळवणारी पहिली बाई. तुम्हाला वाटेल, आता प्लेसमेंट पक्की. छे! इंजिनीअरची नोकरी कुणी देईना. जनरल इलेक्ट्रिकने घेतलं, पण आकडेमोड करणाऱ्यांवर देखरेख करायला.

तिथे काय केलं बघा. वीज शेकडो मैल न्यायची तर लाईनचं गणित किचकट होतं. त्यात हायपरबोलिक फंक्शन्स येतात आणि एकेक उत्तर काढायला बराच वेळ जातो. एडिथने त्यासाठी आलेखांचं एक साधं साधन बनवलं, आकडे लावले की उत्तर वाचायचं. १९२१ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९२५ मध्ये पेटंट मिळालं. पण पद तेच. मग १९२१ मध्येच तिने नोकरी सोडली आणि थेट तुर्कस्तानात, मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला गेली. वर्षभराने परतली तेव्हा त्याच कंपनीने तिला इंजिनीअर म्हणून घेतलं. वय ३९.

१९२६ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनीअर्सच्या संस्थेपुढे पेपर वाचणारी ती पहिली बाई ठरली. विषय होता लाईनची स्थिरता. लाईनच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये एक कोन असतो. जास्त वीज ढकलली की तो वाढतो. मर्यादेपलीकडे गेला की सिस्टीम कोलमडते.

एडिथच्या काळी हा कोन कागदावर काढावा लागायचा. आज सबस्टेशनमधले पीएमयू नावाचे सेन्सर तो जीपीएसच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा मोजतात आणि कंट्रोल रूमला कळवतात. ‘स्मार्ट ग्रिड’ म्हणतात त्यातला हा कळीचा भाग. १९८८ च्या सुमाराला व्हर्जिनिया टेकमध्ये पहिला पीएमयू तयार करणाऱ्यांत एक होते अरुण फडके. हो, आडनाव बरोबर वाचलंत!

१९४५ मध्ये निवृत्त होऊन एडिथ मेरिलँडला शेतावर राहायला गेली. ते काही फार दिवस टिकलं नाही. १९४७ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ती इलेक्ट्रिकल शिकवायला लागली आणि जवळपास दहा वर्षं शिकवत राहिली. १९५९ मध्ये ती गेली. अल्फा-बीटा आजही अनेक मोटर ड्राइव्हच्या कंट्रोलमध्ये भेटतात, आणि तुमच्या पुढच्या सेमिस्टरलाही असतीलच.