निल्स बोलिन: चालकाचा स्वभाव ओळखून सीट बेल्ट बनवणारा इंजिनिअर

पुण्यात चौकात पोलीस दिसला की अनेक चालकांचा हात पटकन सीट बेल्टकडे जातो. चौक मागे पडला की बेल्ट निघतो. माणूस कंटाळा करणार, हे ओळखूनच ज्याने आजचा बेल्ट बनवला, तो इंजिनिअर म्हणजे स्वीडनचे निल्स बोलिन.

त्यांचा जन्म 1920 चा. सुरुवातीला ते साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचे. संकटात वैमानिकाला सीटसकट विमानाबाहेर फेकणारी ही यंत्रणा. 1958 मध्ये व्होल्वोने त्यांना सुरक्षेच्या कामासाठी घेतलं.

इथे गिऱ्हाईक वेगळं होतं. जीव वाचणार असेल तर वैमानिक हवे तेवढे पट्टे बांधून घेतो. गाडी चालवणाऱ्याला मात्र मिनिटभरही अवघडून बसायचं नसतं. तेव्हाचे बहुतेक बेल्ट फक्त कंबरेवरून जायचे. धडक बसली की छाती आणि डोकं पुढे आपटायचं, पोटातल्या अवयवांनाही इजा व्हायची. बोलिन यांनी एक पट्टा छातीवरून आणि एक कंबरेवरून घेतला आणि दोन्ही सीटच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवले. हे एका हाताने जमायचं. 1959 मध्ये हा बेल्ट व्होल्वोच्या गाड्यांत आला. पेटंट कंपनीने इतरांसाठी खुलं ठेवलं.

1967 मध्ये स्वीडनमधल्या 28 हजार अपघातांचा अभ्यास समोर आला. ताशी 97 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अपघातांत बेल्ट लावलेलं कुणीही दगावलं नव्हतं. बेल्ट नसलेले कमी वेगातही गेले होते.

मग वेगळीच शंका आली. 1975 मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी मांडलं, की सुरक्षित वाटू लागलं की चालक जास्त धोका पत्करतो. पुढे म्युनिकमध्ये एबीएस ब्रेक बसवलेल्या टॅक्सी तपासल्या, तेव्हा त्यांचे अपघात कमी झालेले दिसले नाहीत. ब्रेकच्या भरवशावर चालक जास्त बेधडक चालवत होते. बेल्टचं गणित थोडं वेगळं आहे. तो लावल्याने ब्रेक किंवा स्टिअरिंग वेगळं लागत नाही, त्यामुळे चालवण्याची पद्धत फारशी बदलत नाही. बेल्टमुळे मृत्यू घटतात, हे पुढच्या अभ्यासांतही दिसलं.

बोलिन 2002 मध्ये गेले. त्याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. सपाटीवर तिथे कारची वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे, म्हणजे स्वीडनच्या त्या आकड्याच्या अगदी जवळ. आज गाडी स्वतः ब्रेक लावते, लेन सुटली की सावध करते. तरीही बेल्टचा बीप बंद करायला खोटी क्लिप अडकवणारे आहेतच. बोलिन यांनी बेल्ट लावणं शक्य तितकं सोपं करून ठेवलं. तो ओढून अडकवण्याचं काम मात्र आपल्यालाच करायचं आहे, मागच्या सीटवर बसलो असलो तरी.