स्वयंपाकघरातला फुगा

तळवड्यातल्या एखाद्या शेडमध्ये तुम्ही इंटर्नशिप केली असेल, तर प्लास्टिकची नळी गरम करून साच्यात फुगवताना पाहिली असेल. भिंत पातळ झाली की फुटते, जाड राहिली की फुगत नाही. नेमक्या याच भानगडीत एका माणसानं झुरिचमध्ये, घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कित्येक रात्री घालवल्या. आज छाती न उघडता हृदयात कृत्रिम झडप बसवतात, त्यामागे त्या टेबलावरचा फुगा आहे. माणसाचं नाव आंद्रेआस ग्रुंटझिग. इंजिनिअर नव्हता बरं का, डॉक्टर होता.

जन्म १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील महायुद्धात बेपत्ता झाले. पुढे तो पूर्व जर्मनीतून पश्चिमेकडे निसटला, हायडेलबर्गला डॉक्टर झाला आणि १९६९ मध्ये झुरिचच्या विद्यापीठ रुग्णालयात आला. त्याच्या आधीच, १९६४ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची तुंबलेली रक्तवाहिनी आतून नळ्या घालून मोकळी केली होती. एकावर एक जाड नळ्या सरकवायच्या, बस्स. पायात हे जमलं, पण हृदयाच्या दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिनीत असली नळी कोण घालणार?

मग फुगा वापरायचा. पण साध्या रबराचा फुगा हट्टी असतो. वाहिनी जिथे कडक, तिथे तो दबतो आणि जिथे मऊ, तिथे नको तेवढा फुगतो. ग्रुंटझिगला हवा होता ठरलेल्या मापाला येऊन थांबणारा फुगा, मग आतला दाब कितीही वाढवा. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हाइनरिश हॉप्फ यांनी त्याला पीव्हीसीचा रस्ता दाखवला. मग घरी नळी कापणं, तापवणं, फुगवणं, दोऱ्यानं बांधणं, चिकटवणं सुरू झालं. सोबत पत्नी मिखाएला आणि सहायक मारिया श्लुम्फ. (श्लुम्फबाईंचं नाव बहुतेक ठिकाणी गाळलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.) १९७४ मध्ये त्यानं पहिला फुगा रुग्णाच्या पायात वापरला. पुढच्याच वर्षी नळीत दोन मार्ग केले. एकातून फुगा फुगवायचा आणि दुसऱ्यातून टोकापाशी रक्तदाब मोजायचा. नळ्या बनवायला पुढे आली श्नायडर नावाची एक छोटी स्विस कंपनी.

१९७६ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात त्यानं कुत्र्यांवरचे प्रयोग पोस्टरवर मांडले. बहुतेकांना ते पटलं नाही. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये ३८ वर्षांच्या जागृत रुग्णाच्या हृदयात त्यानं तो फुगा फुगवला आणि वाहिनी मोकळी झाली. त्याच अधिवेशनात पुढच्या वर्षी भाषण चालू असतानाच टाळ्या पडल्या.

मला यापेक्षा १९७९ चा त्याचा शोधनिबंध जास्त भारी वाटतो. पन्नास रुग्ण, त्यातले ३२ यशस्वी. पाच जणांना तातडीनं बायपास करावं लागलं, तेही त्यानं छापलं. हिरो झालेल्या माणसाला हे लपवणं अवघड नव्हतं.

आता झडपेकडे या. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या रूआं शहरात आलां क्रिबिए यांनी वृद्ध रुग्णांची कडक झालेली महाधमनीची झडप फुग्यानं उघडली. ती काही महिन्यांत पुन्हा आकसायची. म्हणून त्यांनी फुग्यावर घडी घालून झडपच बसवली आणि १६ एप्रिल २००२ ला पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात सोडली. आता बहुतेकदा मांडीच्या धमनीतून जातात. फुगा फुगतानाचे काही सेकंद पेसमेकरनं हृदय इतकं वेगात पळवतात की रक्ताचा झोत मंदावतो, नाहीतर झडप वाहून जाईल. फुगा लहान पडला तर झडप सरकते, मोठा झाला तर धमनी फाटते. म्हणजे इथेही ठरलेल्या मापाला थांबणारा फुगाच लागतो! नळीची जाडी 'फ्रेंच'मध्ये मोजतात, एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. सुरुवातीला २२ ते २४ फ्रेंचची वाट लागायची, आता १४ पुरते. आपल्याजवळ वापीतही अशी झडप आणि तिची नळी बनते.

ग्रुंटझिगनं यातलं काही पाहिलं नाही. १९८० मध्ये तो अटलांटाला गेला, कीर्ती आणि पैसा मिळाला, स्वतःचं विमान घेतलं. फुग्याच्या दाबाबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस २७ ऑक्टोबर १९८५ ला खराब हवेत स्वतः विमान घेऊन निघाला. जॉर्जियात ते कोसळलं. सोबत त्याची दुसरी पत्नीही गेली. तो ४६ वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, झुरिचचा तो पहिला रुग्ण अटलांटाच्या त्याच विद्यापीठात तपासणीला आला. दहा वर्षांपूर्वी फुगवलेली वाहिनी उघडीच होती.