वीज साठवण्याचे कोडे सोडवणारे गास्तों प्लान्ते

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील कंपन्यांचा कारभार कर्मचाऱ्यांच्या घरी गेला. परिसरातील सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये मोटारी आठवडेच्या आठवडे धूळ खात उभ्या राहिल्या. पुढे किल्ली फिरवल्यावर इंजिनाऐवजी नुसती टकटक ऐकू येण्याचा अनुभव कित्येकांना आला. युरोप-अमेरिकेतील मोटरहोमच्या मालकांना हा प्रश्न दर हिवाळ्यात भेडसावतो. बंद गाडीची बॅटरी का बसते, याचे उत्तर शोधायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे, पॅरिसमधील एका प्रयोगशाळेत जावे लागते.

गास्तों प्लान्ते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील ऑर्तेझ या गावी झाला. त्यांचे बंधू फ्रान्सिस हे पुढे पियानोवादक म्हणून नावाजले. गास्तों मात्र विज्ञानाकडे वळले. १८५४ मध्ये पॅरिसच्या कला व शिल्प संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ एदमों बेकेरेल यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी कामास प्रारंभ केला. दुसऱ्याच वर्षी पॅरिसजवळ त्यांना एका प्रचंड, उडू न शकणाऱ्या प्रागैतिहासिक पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून 'गास्टॉर्निस' हे नाव मिळाले. वयाच्या एकविसाव्या वर्षी मिळालेला हा मान एखाद्याला जीवाश्मशास्त्रात गुंतवून ठेवण्यास पुरेसा होता. प्लान्ते यांचे मन मात्र विजेतच रमले होते.

त्या काळी वीज मिळवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे रासायनिक घट. त्यातील धातू झिजला, की घट निकामी होई. वीज निर्माण करता येत होती. पण साठवून हवी तेव्हा वापरता येत नव्हती. द्रावणात बुडवलेल्या पट्ट्यांमधून प्रवाह सोडून तो थांबवला, की उलट दिशेने क्षणभर प्रवाह वाहतो, हे पूर्वीच्या संशोधकांना ठाऊक होते. बहुतेकांच्या दृष्टीने तो एक उपद्रव होता. प्लान्ते यांनी निरनिराळे धातू घेऊन या उलट प्रवाहाचीच चिकाटीने तपासणी केली आणि शिशापासून मिळणारा प्रवाह सर्वांत जोरकस व टिकाऊ असल्याचे त्यांना आढळले.

१८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये विभाजक ठेवून गुंडाळले आणि ती गुंडाळी सौम्य गंधकाम्लात बुडवली. पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारा जगातील पहिला व्यवहार्य विद्युत घट तयार झाला. पुढच्याच वर्षी असे नऊ घट जोडून त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केले.

यश मिळाले, तरी अडचण संपली नव्हती. नवा घट फारच थोडी वीज साठवत असे. तो भरावा, रिकामा करावा, विश्रांती द्यावी आणि पुन्हा उलट दिशेने भरावा, असे सोपस्कार दीर्घकाळ केल्यावर पत्र्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि साठवणक्षमता वाढे. शिवाय डायनॅमो अद्याप व्यवहारात आलेला नसल्याने घट भरण्यासाठी पुन्हा दुसरे रासायनिक घटच वापरावे लागत. शोध उपयुक्त होता. पण त्याला खाद्य पुरवणारे यंत्रच जन्माला यायचे होते. प्लान्ते यांनी या प्रतीक्षेची वर्षे आठशे घटांची माला उभारून उच्च दाबाच्या विजेच्या अभ्यासात घालवली. आकाशातील विजेसारखे आविष्कार त्यांनी प्रयोगशाळेत घडवले आणि वीस वर्षांचे हे संशोधन १८७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

१८७० च्या दशकात डायनॅमो आले आणि चित्र पालटले. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली. त्यामुळे महिनोन्‌महिन्यांची पूर्वतयारी बरीच कमी झाली आणि कारखान्यांत उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रूव्हे यांची विजेवर चालणारी तीनचाकी धावली. २१ मे १८८९ रोजी पॅरिसजवळील बेलव्यू येथे प्लान्ते यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५५ वर्षांचे होते. हाताने फिरवायच्या हँडलऐवजी १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला आणि हळूहळू प्रत्येक मोटारीत शिशाची बॅटरी आली; ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आजच्या मोटारीतील बॅटरीचे रसायन मुळात प्लान्ते यांचेच आहे आणि तिचा स्वभावही तोच. न वापरता ठेवली, तरी ती हळूहळू रिकामी होते. उष्णतेत हा ऱ्हास वेगाने होतो. म्हणून पुण्याचा उन्हाळा युरोपच्या थंडीपेक्षा या बाबतीत अधिक जाचक. थंड प्रदेशातील धोका वेगळा : रिकाम्या बॅटरीतील द्रावण गोठून ती फुटू शकते. शिवाय घड्याळ, अलार्म आणि संगणकीय यंत्रणा बंद गाडीतही थोडी थोडी वीज घेतच राहतात. रिकाम्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग पूर्ण प्रभार घेण्याची तिची क्षमता कायमची घटते.

म्हणूनच गाडी किंवा कॅरॅव्हॅन दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर आधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी. पूर्ण भरलेली, विश्रांत बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाब दाखवते, तो १२.४ च्या खाली उतरला, की पुन्हा भरावी. दाब पाहून आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर किंवा नियंत्रकासह छोटे सौर पॅनेल जोडून ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास, गाडीच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसेल, तर ऋण टोकाची तार सोडवावी. पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून समाधान मानण्याची पद्धत मात्र फसवी आहे; स्टार्टरने घेतलेली वीजही तेवढ्या वेळात पुरती भरून येत नाही.

बॅटरीला भरण्याची व वेळोवेळी लक्ष देण्याची गरज असते, हे प्लान्ते यांना प्रयोगशाळेत पहिल्याच घटापासून अनुभवावे लागले. पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या मालकालाही त्यातून सुटका नाही.