छात्रालयांतील माउली : साने गुरुजी

मुलगा बेशिस्त वागूं लागला, तर त्यास वळण कसें लावावें, हा प्रश्न गुरुजनांस व मातापितरांस नेहमींच पडतो. छडीचा उपाय सोपा खरा. परंतु छडी दृष्टीआड झाली कीं वळणही नाहींसें होतें. याहून निराळा मार्ग खानदेशांतील अमळनेर येथें पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच सर्वांचे साने गुरुजी, यांनीं आचरून दाखविला.

त्यांचा जन्म ता. २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांतील पालगड गांवीं झाला. घरच्या दारिद्र्यामुळें शिक्षणासाठीं त्यांना दापोलीची मिशन शाळा, नंतर औंध व पुणें असें फिरावें लागलें. परगांवीं पोटास चिमटा घेऊन विद्या करणें म्हणजे काय, हें त्यांनीं अनुभविलें. १९१७ सालीं मातोश्रीही निवर्तल्या. घरापासून दुरावलेल्या मुलाचें मन त्यांस कळे, तें यामुळेंच.

१९२४ सालीं ते अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक झाले व पुढें तेथील छात्रालयही त्यांजकडे आलें. मुलें अंथरुणें तशींच टाकीत, कपडे अस्ताव्यस्त फेंकीत, कंदिलांच्या काचा काजळलेल्या ठेवीत. गुरुजींनीं शिक्षा केली नाहीं. ते स्वतःच खोल्या झाडीत, अंथरुणें आवरीत, धोतरें धुवीत, काचा पुशीत; आजारी मुलाची शुश्रूषाही करीत. ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक काढून ते मुलांशीं लेखणीनेंही बोलत. हळूहळू मुलें मनांत वरमलीं व आपलीं कामें आपणच करूं लागलीं.

अशा सेवेनें मुलें शेफारतील, अशी शंका कोणी घेईल. पण तेंच काम टोमणा म्हणून केलें असतें, तर मुलें हंसलीं असतीं किंवा रुसलीं असतीं. आपल्यावर खरी माया करणाऱ्यास आपल्यामुळें कष्ट पडतात, हें कळलें म्हणजेच मूल आंतून सुधारतें.

१९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत उतरले. १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली. ता. ११ जून १९५० रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतही कितीएक मुलें शिक्षणासाठीं गांव सोडून वसतिगृहांत राहतात. त्यांपैकीं एखादें हट्ट करूं लागलें, तर वडील मंडळींनीं हात उगारण्यापूर्वीं त्यास काय सलतें, हें पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, आपली खोली कोणी मुकाट्यानें झाडून ठेवली असेल, तर उद्यां केरसुणी आपण हातीं घ्यावी.