स्वान्ते अऱ्हेनिअस : आयनांचे गूढ उकलणारा शास्त्रज्ञ

कोरडे लिंबूसत्व आणि कोरडा खाण्याचा सोडा एका वाटीत कालवून ठेवले, तर काहीच होत नाही. वाटीत चमचाभर पाणी घातले की लगेच फसफसून फेस येतो. हा अनुभव आपल्यापैकी बहुतेक भगिनींना असेल. पाण्यात असे काय आहे, की ज्यामुळे निजलेले पदार्थ जागे व्हावेत? या कोड्याचे उत्तर स्वीडनमधील एका तरुणाने शोधले, आणि त्यापायी त्याला प्रथम अवहेलनाच सोसावी लागली.

स्वान्ते अऱ्हेनिअस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्साला शहराजवळील विक येथे झाला. वडील जमीनमोजणीचे काम करीत. मुलगा तिसऱ्या वर्षीच आपण होऊन वाचावयास शिकला, आणि आकडेमोडीत तर त्याची बुद्धी विलक्षण चाले. उप्साला विद्यापीठातील अध्यापनाने समाधान होईना, म्हणून १८८१ साली ते स्टॉकहोमला एडलुंड यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांनी विरल द्रावणांतून वीज कशी वाहते, याची मोजणी आरंभली.

शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते, कोरड्या मिठातूनही वाहत नाही. पण मिठाच्या पाण्यातून मात्र सहज वाहते. असे का व्हावे? १८८३ सालच्या मे महिन्यातील एका रात्री या प्रश्नाने त्यांची झोप उडविली, आणि कोडे सुटेपर्यंत त्यांचा डोळा लागला नाही. पाण्यात विरघळताच मिठाचे धन व ऋण विद्युत्प्रभार असलेले कण, म्हणजे आयन, विलग होतात व तेच वीज वाहून नेतात, या विचाराचे बीज त्या रात्री पडले.

१८८४ साली त्यांनी उप्सालाला प्रबंध सादर केला. विरुद्ध प्रभारांचे कण एकमेकांना खेचतात, मग ते पाण्यात सुटे कसे राहतील, अशी त्या काळच्या विद्वानांची शंका होती. त्यांचे गुरू क्लेव्ह यांनीही कौतुक केले नाही. प्रबंध खालच्या श्रेणीत कसाबसा उत्तीर्ण झाला, आणि विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याची आशा मावळली.

पण अऱ्हेनिअस खचले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी विद्वानांना धाडल्या. रीगाचे ओस्टवाल्ड इतके प्रभावित झाले, की ते स्वतः उप्सालाला येऊन त्यांना भेटले. परक्याने पारख केल्यावर घरच्यांचेही डोळे उघडले, आणि विद्यापीठात जागा मिळाली. १८८७ साली त्यांनी आपला सिद्धांत निःसंदिग्धपणे मांडला. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट का उतरतो, हे त्याने उलगडले. एका कणाचे दोन झाले, म्हणून.

याच दृष्टीने आम्ल व आम्लारी यांचीही ओळख पटली. पाण्यात हायड्रोजनचे धन आयन सोडते ते आम्ल. हायड्रॉक्साइडचे ऋण आयन सोडते ती आम्लारी. दोहोंची गाठ पडली की त्या आयनांचे पाणी होते, आणि उरते ते क्षार. सारे रेणू फुटले तर आम्ल तीव्र. लिंबूसत्वासारखे थोडेच फुटले तर सौम्य. आपल्या वाटीतही पाण्याने आम्लाचे हायड्रोजन आयन सुटे केले, ते सोड्याला भेटले आणि कार्बन डायऑक्साइड वायू फसफसला.

१९०३ साली अऱ्हेनिअस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश गृहस्थ. त्या वेळी रसायनशास्त्राच्या निवड समितीचे अध्यक्ष होते तेच क्लेव्ह! हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणितही त्यांनी १८९६ सालीच मांडले होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

अमोनियात हायड्रॉक्साइड नसूनही तो आम्लारीसारखा का वागतो, हे त्यांच्या व्याख्येत नीटसे बसत नव्हते. १९२३ साली ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी ती अधिक व्यापक केली. तरी पहिला धडा आजही शाळेत अऱ्हेनिअस यांचाच शिकवितात. आपल्या मुलामुलींच्या हाती परीक्षेचा कमी गुणांचा कागद येईल, तेव्हा रागे भरण्यापूर्वी या प्रबंधाची आठवण जरूर करावी.