चोरांचा वकील कीं सावांचा पाठिराखा?

कोणत्याहि पेठेंत दुकान फुटलें, वाटेंत एखाद्या व्यापाऱ्याची थैली हिसकावून नेली, किंवा दरवड्यांत रक्त सांडलें, म्हणजे चार माणसें जमतात तेथें एक प्रश्न हटकून निघतो. आरोपी पोलिसांच्या हातीं लागला आहे, फिर्यादीनें त्यास ओळखलें आहे, मग अशा माणसाला वकील कशाला हवा? आणि जो वकील त्याचें वकीलपत्र घेतो, तो फीच्या लोभानें चोराचा भागीदारच झाला नव्हे काय? हा प्रश्न रागाच्या भरांत निघतो म्हणून तो टाकाऊ आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची जन्माची कमाई एका रात्रींत गेली, त्यास राग येणें स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचें उत्तर कोरड्या तत्त्वविवेचनापेक्षां एका माणसाच्या चरित्रांत अधिक स्पष्ट दिसतें. तो माणूस म्हणजे इंग्लंडांतील सुप्रसिद्ध फौजदारी वकील सर विल्यम गॅरो हा होय.

गॅरोचा जन्म १३ एप्रिल १७६० रोजीं लंडनच्या उत्तरेस मंकन हॅडली या गांवीं झाला. बाप मूळचा स्कॉटलंडचा धर्मोपदेशक. तो गांवांत शाळा चालवीत असे. मोठ्या घराण्याचा वशिला मुलाच्या पाठीशीं नव्हता. पंधराव्या वर्षीं तो लंडनच्या चीपसाइड या व्यापारी भागांत एका ॲटर्नीच्या कचेरींत उमेदवार म्हणून राहिला. मुलाची हुषारी धन्याच्या ध्यानांत आली, आणि १७७८ सालीं गॅरो बॅरिस्टरीच्या अभ्यासास लिंकन्स इनमध्यें दाखल झाला. त्या काळीं लंडनांत संध्याकाळीं वादविवादाच्या जाहीर सभा भरत व तेथें कोणीहि बोलूं शके. आरंभीं संकोचानें मागें राहणारा हा तरुण थोड्याच दिवसांत तेथील नामांकित वक्ता झाला. नोव्हेंबर १७८३ मध्यें त्यास सनद मिळाली. त्यानंतरचीं दहा वर्षें तो ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयांत वावरला, आणि तेथील त्याच्या खटल्यांपैकीं बहुसंख्य खटल्यांत तो आरोपीच्या बाजूनें उभा होता. आरोपी कोण, तर वाटमारे, घरफोडे, खिसेकापू आणि खुनी म्हणून धरून आणलेले लोक.

या दहा वर्षांचें महत्त्व कळण्यासाठीं तेव्हांचा कायदा कसा होता तें पाहिलें पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत फांशीस पात्र अशा गुन्ह्यांची संख्या दोनशेंहून अधिक झाली होती. दुकानांतून पांच शिलिंगांचा माल कोणाच्या नकळत उचलला तरी देहांत शिक्षा. राहत्या घरांतून चाळीस शिलिंगांची चोरी केली तरी तीच. ज्याच्या गळ्याला दोर लागावयाचा, त्याची बाजू मात्र कमालीची लंगडी असे. राजद्रोहाच्या आरोपीस १६९६ च्या कायद्यानें वकील मिळाला होता. तो आरोप बड्या लोकांवर येई, हें येथें लक्षांत ठेवावें. चोरी, दरवडा आणि खून यांच्या आरोपीस मात्र कित्येक पिढ्या वकीलच नसे. १७३० नंतरच्या सुमारास न्यायाधीशांनीं आपल्या मर्जीनें उलटतपासणीपुरती वकिलास परवानगी दिली. पण ज्यूरीपुढें भाषण करून बचाव मांडण्याची बंदी कायम राहिली. बचाव आरोपीनेंच करावयाचा. आठवडेंच्या आठवडे तुरुंगाच्या कोंदट हवेंत काढलेला, अडाणी, भेदरलेला माणूस आपल्या प्राणासाठीं काय बोलणार? एकच ज्यूरी एका दिवसांत अनेक खटले निकालांत काढी. कित्येकांचा निकाल कांहीं मिनिटांत लागे.

यांतच बक्षिसाची भर पडली होती. १६९२ च्या कायद्यानें वाटमाऱ्यास पकडून शिक्षेपर्यंत नेणारास ४० पौंड बक्षीस ठरलें. साधारण मजुराची वर्षाची मजुरीहि त्याहून कमी होती. हेतु चांगला होता. रस्ते निर्भय व्हावे आणि व्यापाऱ्यांचा माल सुखरूप जावा, एवढाच सरकारचा विचार होता. परंतु जेथें शिक्षेवर पैसा लावला, तेथें शिक्षा हा धंदा झाला. चोर पकडून देण्यावर पोट भरणारे लोक निर्माण झाले, आणि खरा चोर हातीं लागेना तेव्हां ते खोटा चोर तयार करूं लागले. १७५४ सालीं मॅक्डॅनियल आणि त्याचे साथीदार यांचें कारस्थान उघडकीस आलें. या टोळीनें दोन तरुणांस फुसलावून डेप्टफर्डजवळ आपल्याच एका माणसास लुटावयास लावलें, आणि लागलीच त्यांस पकडून बक्षिसासाठीं कोर्टांत उभें केलें. जोसेफ कॉक्स नांवाच्या एका दक्ष अधिकाऱ्यानें हा डाव फोडला म्हणून ते दोघे वांचले. परंतु त्याच वर्षीं जोशुआ किडन नांवाचा माणूस याच टोळीच्या खोट्या साक्षीवर फांशीं जाऊन चुकला होता. चोर सोडून संन्याशास सुळीं देणें ही आपल्याकडे म्हण आहे. लंडनांत तो चाळीस पौंडांचा व्यापार होता.

अशा न्यायालयांत गॅरो उभा राहिला. भाषणास बंदी, तेव्हां त्यानें उलटतपासणीलाच भाषण बनविलें. जें ज्यूरीस सरळ सांगतां येत नव्हतें, तें तो साक्षीदाराच्याच तोंडून वदवी. साक्षीदार चोर धरण्याचा धंदा करणारा असला, म्हणजे शिक्षा झाल्यास बक्षिसाची वांटणी कोणाकोणांत व्हावयाची, पूर्वीं अशा किती खटल्यांत साक्ष दिली, इतर पोटापाण्याचा उद्योग काय, हें तो एकामागून एक काढून घेई. माफीचा साक्षीदार आला, म्हणजे स्वतःची मान सोडविण्यासाठीं हा दुसऱ्याची मान देत आहे, हें ज्यूरीच्या डोळ्यांपुढें तो उभें करी. अंधाऱ्या रात्रीं, घोड्यावरून, घाबरलेल्या स्थितींत पाहिलेला चेहरा फिर्यादीस इतका पक्का कसा आठवतो, हा प्रश्न तो नम्रपणें विचारी. उत्तर देतांना प्रामाणिक फिर्यादीसहि आपली खात्री किती पोकळ आहे तें कळून येई. ऐकीव पुरावा आला कीं तो हरकत घेई, आणि धाकानें किंवा आमिषानें काढलेला कबुलीजबाब आला कीं तोहि अडवी. पुराव्याचे जे नियम आज वकिलीच्या पहिल्या वर्षीं शिकवितात, त्यांपैकीं कित्येकांना धार आली ती या रोजच्या झटापटींत.

१७९१ सालचा डिंगलर याचा खटला प्रसिद्ध आहे. बायकोच्या खुनाचा आरोप होता. तिचा जबाब मॅजिस्ट्रेटनें शपथेवर घेतला होता. पण आरोपी तेथें हजर नव्हता आणि त्यास तिला प्रश्न विचारण्याची संधि मिळाली नव्हती. गॅरोनें हरकत घेतली आणि न्यायालयानें तो जबाब पुराव्यांतून वगळला. गुन्हा शाबीत होईपर्यंत प्रत्येक मनुष्य निर्दोष समजला पाहिजे, हें आतां सर्वतोमुखीं झालेलें वचन त्यानें याच खटल्यांत इंग्रजी न्यायालयापुढें अशा स्पष्ट रूपानें मांडलें. तत्त्व रोमन कायद्याइतकें जुनें होतें; पण एका सामान्य खुनाच्या आरोपीसाठीं तें इतक्या ठामपणें पुढें करणारा वकील विरळा होता. विशेष हें कीं, डिंगलर सुटला नाहीं. उरलेल्या पुराव्यावर त्यास दोषी ठरवून फांशीची शिक्षा झाली. वकील दिला म्हणजे खुनी मोकळाच सुटतो, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं हा शेवट अवश्य ध्यानांत धरावा. वकिलानें शिक्षा टाळली नाहीं; ती कायदेशीर पुराव्यावरच झाली पाहिजे, एवढेंच पाहिलें.

गॅरोवर टीकाहि पुष्कळ झाली. तो साक्षीदारांस दरडावतो, त्यांची थट्टा करतो, सभ्य फिर्यादीसहि घाम फोडतो, असें त्याचे समकालीन म्हणत. आणि तें सर्वस्वीं खोटें नव्हतें. त्याच्या प्रश्नांच्या जोरावर कांहीं खरे अपराधीहि सुटले असतील. परंतु व्यापारीवर्गानें एक गोष्ट विचारांत घ्यावी. कायदा जितका क्रूर तितकी मालमत्ता सुरक्षित, हा हिशेब इंग्लंडांतील व्यापाऱ्यांसच खोटा ठरलेला दिसला. शिक्षा अति भयंकर म्हणून ज्यूरी चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम कमी ठरवीत किंवा आरोपीस सोडून देत. शेवटीं १८११ सालीं कापड शुभ्र करण्याच्या कारखान्यांचे मालकच पार्लमेंटाकडे अर्ज घेऊन गेले कीं, आमच्या मैदानावरील चोरीची फांशीची शिक्षा काढून टाका, म्हणजे निदान चोरांस शिक्षा तरी होईल. ज्या शिक्षेवर लोकांचा विश्वास नाहीं ती दुकानाचें रक्षण करूं शकत नाहीं, आणि विश्वास उत्पन्न होतो तो दोन्ही बाजू ऐकल्यानें.

१७९३ सालीं गॅरो राजाचा वकील झाला व ओल्ड बेलीचें त्याचें पर्व संपलें. पुढें १८०६ सालीं त्यानें सरकारपक्षाकडून जो खटला चालविला, तो आम्हां पूर्वीं परकी अंमलाखालीं राहिलेल्या लोकांस विशेष मननीय आहे. स्पेनकडून जिंकलेल्या त्रिनिदाद बेटाचा गव्हर्नर थॉमस पिक्टन यानें १८०१ सालीं लुइसा काल्देरोन नांवाच्या एका अल्पवयीन मुलीचा, चोरींत साथ दिल्याच्या संशयावरून, छळ करविला होता. हाताला दोरी बांधून तिला वर टांगलें आणि उघडें पाऊल खुंटीच्या टोंकावर टेकावयास लावलें. बेटावर स्पॅनिश कायदा चालू आहे व त्यास असा छळ मान्य आहे, हा गव्हर्नराचा बचाव. गॅरोनें तो खोडून काढला आणि ज्यूरीनें पिक्टनला दोषी ठरविलें. परंतु १८०८ सालीं फेरसुनावणी होऊन कायद्याचा कौल त्याच्याकडे झुकला व त्यास शिक्षा अशी झालीच नाहीं. घरच्या ज्यूरीस जें क्रौर्य वाटलें, तें वसाहतींत कारभार म्हणून खपून गेलें.

त्याच्या चरित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें सत्यास धरून होणार नाहीं. १७९४ सालीं सुधारणावादी पुढाऱ्यांवर राजद्रोहाचे खटले झाले, तेव्हां आरोपींतर्फे अर्स्किन झुंजत होता आणि गॅरो सरकारी वकिलांच्या बांकावर होता. १८१२ सालीं तो सॉलिसिटर जनरल झाला आणि त्याच वर्षीं राजप्रतिनिधीवर टीका केल्याबद्दल ली हंट व त्याचा भाऊ या वृत्तपत्रकारांवरील खटला त्यानें चालविला. दोघांस दोन दोन वर्षें तुरुंग व पांचशें पांचशें पौंड दंड झाला. वाटमाऱ्याच्या हक्कासाठीं झगडलेल्या मनुष्यास संपादकाच्या लेखणीचा हक्क दिसूं नये, हें शोचनीय खरें. पण यावरून एकच बोध घ्यावयाचा. आरोपीचें संरक्षण हें एखाद्या वकिलाच्या उदारपणावर सोडून भागत नाहीं. माणसें पदें मिळतांच बदलतात. तें संरक्षण कायद्यांतच असलें पाहिजे.

१८१३ सालीं ॲटर्नी जनरल, १८१७ पासून १८३२ पर्यंत न्यायाधीश, अशा पायऱ्या तो चढला. चोर धरण्याचीं तीं ठराविक बक्षिसें १८१८ सालीं बंद झालीं. १८३६ च्या कायद्यानें चोरी-दरवड्याच्या आरोपीच्या वकिलास ज्यूरीपुढें पूर्ण भाषण करण्याचा अधिकार मिळाला, तेव्हां गॅरो शहात्तर वर्षांचा होता. २४ सप्टेंबर १८४० रोजीं त्यास मृत्यु आला. पुढें त्याचें नांव मागें पडलें. परंतु ओल्ड बेलीच्या छापील वृत्तांतांवरून अभ्यासकांनीं तें पुन्हां उजेडांत आणलें, आणि २००९ ते २०११ या काळांत बी. बी. सी. नें त्याच्या वकिलीवर नाट्यमालिकाहि दाखविली.

आतां आपल्या घराकडे पाहूं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसांजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करण्यास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या साक्ष अधिनियमांतहि तें तत्त्व कायम आहे. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क प्रत्येक अटक झालेल्या मनुष्यास दिला. असें असूनहि भयंकर गुन्हा घडला कीं, आरोपीचें वकीलपत्र कोणीं घेऊं नये, असे ठराव वकिलांच्या संघटना अधूनमधून करितात. असे ठराव बेकायदेशीर व वकिलीच्या धर्माविरुद्ध आहेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं स्पष्ट बजावलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर झालेल्या हल्ल्यांत जिवंत सांपडलेल्या आरोपीससुद्धां आपण वकील दिला, अपिलापर्यंत त्याचें म्हणणें ऐकलें, आणि नंतरच २०१२ सालीं येरवड्यास त्यास फांशी दिली. त्या निकालाची जगांत छाननी झाली तरी आपली मान खालीं गेली नाहीं, याचें श्रेय पुराव्याइतकेंच त्या बचावासहि आहे.

म्हणून आमची वकीलबंधूंस विनंति आहे कीं, गर्दीच्या क्षोभास भिऊन वकीलपत्र नाकारण्याचे ठराव त्यांनीं कधींहि करूं नयेत. सरकारास आमचें सांगणें आहे कीं, गरीब आरोपीस कायदेशीर मदतीचा वकील द्यावयाचा तो मॅजिस्ट्रेटपुढें उभें केल्याच्या पहिल्याच दिवशीं, आणि त्यास कामाच्या मानानें पुरेशी फी देऊन द्यावा. नांवापुरता वकील हा वकील नसल्यासारखाच. आणि व्यापारीबंधूंस इतकेंच म्हणावयाचें कीं, आपल्या दुकानाचा खरा चोर पकडला जावा असें वाटत असेल, तर आरोपीच्या वकिलास शत्रु समजूं नये. भलत्याच माणसास शिक्षा झाली, तर तुमचा चोर त्याच दिवशीं निर्धास्त होतो आणि रात्रीं पुन्हां तुमच्याच पेठेंत हिंडतो.