रिलीज बेअरिंग दोनदा बदललं, आणि मग मला स्वेन विंगक्विस्ट समजला

तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं क्लचचं रिलीज बेअरिंग गेलं. क्लच दाबला की घरघर आवाज यायचा, पाय उचलला की बंद. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवला, नवं बेअरिंग टाकलं आणि बिल हातात दिलं. आठ महिन्यांत तोच आवाज परत सुरू. पुन्हा गिअरबॉक्स खाली, पुन्हा नवं बेअरिंग, पुन्हा मजुरी. हे बेअरिंग स्वतः फार महाग नसतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खिसा रिकामा होतो तो त्या मजुरीने.

तिसऱ्यांदा आवाज सुरू झाला तेव्हा मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी नवं बेअरिंग मागवण्याआधी आजूबाजूचे पार्ट तपासले. बेअरिंग ज्या नळीवरून पुढे-मागे सरकतं ती नळी एका बाजूने झिजली होती. फोर्क जिथे टेकतो तो गोळाही घासून चपटा झाला होता. म्हणजे दोन्ही वेळा नवंकोरं बेअरिंग वाकडंच ढकललं जात होतं. मग त्यांनी मला विचारलं की गाडी चालवताना डावा पाय कुठे असतो. मी गप्प बसलो, कारण तो कायम क्लचवरच असायचा.

दोष बेअरिंगचा नव्हताच. ते का जातंय हे कोणी बघितलं नव्हतं, मी धरून. त्यानंतर बेअरिंगबद्दल वाचत गेलो आणि स्वीडनच्या एका माणसाच्या गोष्टीपाशी येऊन थांबलो. तो पेशाने कापडगिरणीतला देखभाल इंजिनिअर होता आणि त्याच्यापुढे अगदी हाच प्रश्न होता. फक्त त्याच्याकडे एक गाडी नव्हती, अख्खी गिरणी होती.

गिरणीतला माणूस

स्वेन विंगक्विस्टचा जन्म १० डिसेंबर १८७६ चा, स्वीडनमधल्या हाल्सबर्ग या रेल्वे जंक्शनच्या गावचा. ओरेब्रोच्या तांत्रिक शाळेतून तो १८९४ साली बाहेर पडला. पुढे कापड उद्योगाचं शिक्षण घेतलं, काही काळ अमेरिकेत काम केलं आणि मग गोथेनबर्गच्या गामलेस्टाडेन भागातल्या एका मोठ्या कापडगिरणीत इंजिनिअर म्हणून लागला. मशीन चालू ठेवणं हे त्याचं काम. गिरणी थांबली की बोलणी खायची ती त्याने.

त्या काळची गिरणी कशी चालायची हे इथे समजून घेऊया, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. आज प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर असते. तेव्हा तसं नव्हतं. छताखाली एक लांबच लांब लोखंडी शाफ्ट फिरत असायचा. त्यावर पुल्या, पुल्यांवरून खाली उतरणारे चामडी पट्टे आणि एकेका पट्ट्यावर एकेक माग. मुंबईच्या गिरण्याही सुरुवातीला अशाच चालायच्या. हा शाफ्ट ठराविक अंतरावर बेअरिंगांमध्ये धरलेला असायचा. त्यातलं एक अडकलं की त्या शाफ्टवरचे सगळे माग बंद.

आता अडचण बघा. गामलेस्टाडेनची गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. अशी जमीन हळूहळू खचते, तीही सगळीकडे सारखी नाही. भिंती किंचित हलल्या की त्यांना बांधलेली बेअरिंगं हलायची आणि सरळ रेषेत बसवलेला शाफ्ट कुठे वर, कुठे खाली व्हायचा.

साधी बुशची बेअरिंगं अशा वेळी तापायची, तेल प्यायची आणि शक्ती खायची. म्हणून बॉल बेअरिंग वापरून बघितली. ती हलकी फिरायची, पण लवकर तुटायची. कारण त्या काळचं बॉल बेअरिंग ताठ असायचं. शाफ्ट जरा तिरका झाला की सगळा भार गोळ्यांच्या एका कडेवर यायचा. वर ती जर्मनीहून मागवावी लागायची, आणि ऑर्डर देऊन माल येईपर्यंत वाट बघत बसायचं.

प्रश्न उलटा केला

माझ्या पहिल्या गॅरेजवाल्यासारखा विंगक्विस्टही दर वेळी नवं बेअरिंग टाकत बसू शकला असता. किंवा जरा जास्त मजबूत बेअरिंग मागवू शकला असता. पण जमीन खचणार हे त्याने आधी मान्य केलं. इमारत काही त्याच्या हातात नव्हती. मग शाफ्ट तिरका झाला तरी चालेल असं बेअरिंग करता येईल का, हा त्याचा प्रश्न झाला.

पहिला प्रयत्न एका रांगेच्या बेअरिंगचा होता. त्याची बाहेरची रिंग बाहेरून गोलाकार होती, त्यामुळे आख्खं बेअरिंग आपल्या घरात थोडं कलू शकायचं. १९०७ मध्ये त्याने खरी युक्ती केली. आतल्या रिंगवर शेजारी शेजारी दोन खाचा, त्यात गोळ्यांच्या दोन रांगा. आणि बाहेरच्या रिंगचा आतला पृष्ठभाग एखाद्या चेंडूच्या आतल्या बाजूसारखा घासलेला, त्या चेंडूचं केंद्र बरोबर शाफ्टच्या मध्यावर.

याने काय होतं? वाटीत चेंडू ठेवा आणि तो कुठेही कलवा. तो वाटीला तसाच बसतो. इथेही शाफ्ट, आतली रिंग आणि दोन्ही रांगा एकत्र कलतात, पण गोळ्यांना दिसणारा रस्ता तोच राहतो. सुमारे दोन-तीन अंशांपर्यंतचा तिरकेपणा हे बेअरिंग सहज पचवतं. भार एका कडेवर येत नाही, दोन्ही रांगांत वाटला जातो. मराठीत याला स्वतःच सरळ होणारं बेअरिंग म्हणता येईल, पण बाजारात सेल्फ-अलाइनिंग म्हटलं की लगेच कळतं.

यात एक तोटाही होता. बाहेरची वाटी जास्त पसरट झाल्याने गोळ्याला खोल खाचेइतका आधार मिळत नाही, म्हणून हे बेअरिंग फार जड भाराला कमी पडतं. तो उपाय पुढे त्याच कंपनीतल्या आर्विड पामग्रेनने १९१९ मध्ये काढला. वाटी तीच ठेवली, गोळ्यांच्या जागी पिंपासारखे रोलर घातले.

गिरणीतून जगभर

१६ फेब्रुवारी १९०७ रोजी गिरणीच्या मालकांच्या पाठबळाने कंपनी सुरू झाली. तिचं नाव स्वेन्स्का कुल्लागरफाब्रिकेन, म्हणजे सरळ सरळ स्वीडिश बॉल बेअरिंग फॅक्टरी. आपण तिला एसकेएफ म्हणून ओळखतो. विंगक्विस्ट तेव्हा फक्त ३० वर्षांचा होता आणि कंपनीचा प्रमुख तोच.

शोध लावणारी माणसं पुष्कळदा विकताना कमी पडतात. हा माणूस तसा नव्हता. बॅग उचलून तो देशोदेशी फिरला. गिरणीमालकाला नेमकं काय छळतं हे त्याला स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं. १९१० पर्यंत कंपनीत ३२५ लोक होते आणि इंग्लंडमध्ये शाखा होती. १९१२ पर्यंत ३२ देशांत तिचे प्रतिनिधी होते. पोलाद चांगलं नसेल तर उत्तम आराखडाही फुकट, म्हणून १९१६ मध्ये कंपनीने होफोर्सचा पोलाद कारखानाच विकत घेतला. पोलादाच्या गुणवत्तेसाठी आता दुसऱ्या कोणावर अवलंबून राहायची गरज उरली नाही.

१९१९ मध्ये विंगक्विस्ट कंपनीच्या रोजच्या कारभारातून बाहेर पडला. कंपनी मात्र वाढत राहिली, आणि इथून गोष्ट मोटारींकडे वळते. १९१५ मध्ये एसकेएफने एक नाव नोंदवून ठेवलं होतं, वोल्व्हो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मी फिरतो असा होतो. ते बेअरिंगसाठीच होतं, पण पुढे एसकेएफच्याच आधाराने उभ्या राहिलेल्या मोटार कंपनीला दिलं गेलं. तिची पहिली गाडी १४ एप्रिल १९२७ रोजी गोथेनबर्गमध्येच बाहेर पडली. १९२९ मध्ये जर्मनीतल्या फिश्टेल अँड झाक्स या कंपनीने आपला बेअरिंगचा धंदा एसकेएफच्या गटाकडे दिला आणि स्वतः क्लच बनवायला घेतले. झाक्स हे नाव क्लचप्लेटच्या खोक्यावर तुम्ही बघितलंही असेल.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने यंत्रांच्या सौंदर्यावर एक प्रदर्शन भरवलं. त्यात विंगक्विस्टचं दोन रांगांचं बेअरिंग कलावस्तू म्हणून मांडलं होतं. गिरणीत माग बंद पडू नयेत म्हणून केलेली वस्तू काचेत जाऊन बसली. १७ एप्रिल १९५३ रोजी गोथेनबर्गमध्येच तो वारला. त्याच्या कंपनीचा एक कारखाना पुढे आपल्या पुण्यात, चिंचवडला उभा राहिला. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांत एसकेएफ हे नाव कोणाच्या तरी नोकरीमुळे ओळखीचं आहे.

मग आपल्या क्लचचं काय?

एक गोष्ट स्पष्ट करतो. विंगक्विस्टचं बेअरिंग क्लचमध्ये बसत नाही. त्याचं बेअरिंग फिरता शाफ्ट पेलतं. आपलं रिलीज बेअरिंग धक्का सोसतं. तुम्ही पॅडल दाबता, फोर्क बेअरिंगला पुढे ढकलतो आणि ते प्रेशर प्लेटच्या फिरणाऱ्या स्प्रिंगवर दाबलं जातं. त्याची एक रिंग इंजिनच्या वेगाने फिरते, दुसरी जागेवर राहते.

पण विचार तोच आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य कधीच केसाइतकाही न चुकता जुळत नाही. म्हणून आजची बरीच रिलीज बेअरिंगं आपल्या घरात थोडी बाजूला सरकू शकतात आणि पहिल्या काही दाबांत स्प्रिंगच्या मध्यावर आपोआप येतात. ही सोय मर्यादित असते. नळी झिजली किंवा फोर्क वाकला तर ती पुरत नाही. माझ्या गाडीत तेच झालं.

तेव्हापासून मी काय पाळतो ते सांगतो.

- आवाज नीट ऐका. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पाय उचलल्यावर येत असेल आणि दाबल्यावर जात असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग तपासा. ही एक तपासणी चुकीचा खर्च वाचवू शकते.
- सिग्नलला क्लच दाबून उभे राहू नका. न्यूट्रल करा, पाय काढा. चालताना डावा पाय बाजूला ठेवा. नुसता टेकवलेला पायही बेअरिंगवर भार ठेवतो.
- केबलचा क्लच असेल तर पॅडलचा फ्री प्ले गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच ठेवा. हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी आणि गळती बघत जा.
- बेअरिंग बदलताना ते पेट्रोल किंवा डिझेलमध्ये धुऊ देऊ नका. त्यात कारखान्यातूनच ग्रीस भरून सील केलेलं असतं, ते धुऊन जातं.
- नळी, फोर्क आणि फोर्कची टेकण समोर उभं राहून बघा. तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात पुरतो. जास्त झालं तर ते उडून क्लचप्लेटवर जातं आणि क्लच घसरतो.
- गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेटची स्थिती बघून घ्या. ती शेवटाला आली असतील तर त्याच मजुरीत बदला.

मिस्त्रींनी माझी नळी आणि फोर्क बदलले, मग बेअरिंग टाकलं. पाय बाजूला ठेवायची सवय लागायला मला महिनाभर गेला. अजून आवाज आलेला नाही.

आता कोणी गाडीचा कुठलाही पार्ट गेलाय म्हणून सांगितलं, की नवा आणायच्या आधी मी जुना हातात मागून घेतो आणि तो कुठल्या बाजूने झिजलाय ते बघतो. सगळीकडून सारखा झिजला असेल तर त्याचं वय झालं. एकाच बाजूने झिजला असेल, तर मी मेकॅनिकला गिअरबॉक्स परत चढवू देत नाही.